रोटेनबुर्ग : गरिबीने राखलेलं गाव

रोटेनबुर्गला तुम्ही गेला नसाल, पण त्याचा फोटो नक्की पाहिला असणार. दगडी रस्त्याला पुढे दोन फाटे फुटतात, मधोमध एक अरुंद, पिवळं, लाकडी चौकटींचं घर आणि दोन्ही फाट्यांवर एकेक बुरूज. जर्मनीच्या कॅलेंडरवर, जिगसॉ पझलवर हमखास हेच. मीही रांगेत उभं राहून तो फोटो काढला आणि मनात म्हटलं, काय जपलंय राव या लोकांनी!

मग खोलात शिरलो. तेव्हा कळलं, बराच काळ कोणी काही जपलंच नव्हतं. नवीन बांधायला पैसे नव्हते, इतकंच.

टाउबर नदीच्या वर टेकडीवर वसलेलं हे गाव १२७४ पासून थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र नगर होतं. मधे कुठला सरदार-बिरदार नाही. व्यापार जोरात, म्हणून तट, बुरूज आणि उंच चर्च. मग तीस वर्षांचं युद्ध आलं. १६३१ मध्ये कॅथलिक सेनापती टिलीने गाव घेतलं. दंतकथा अशी की एका माजी नगराध्यक्षाने सव्वातीन लिटर वाईन एका दमात पिऊन दाखवली आणि खूश होऊन टिलीने गाव सोडलं. चौकातल्या घड्याळात हा प्रसंग आजही बाहुल्या करून दाखवतात. या कथेवर १८८१ पासून नाटक होतं, पण इतिहासकार काही ती खरी मानत नाहीत. खरं एवढंच की युद्धानंतर गाव जे बसलं ते उठलंच नाही. पुढची दोनेकशे वर्षं कोणी जुनं पाडून नवं बांधलं नाही. आमच्या धंद्यात बजेट नसलं की जुन्या कोडला कोणी हात लावत नाही, तसंच!

एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना हे झोपलेलं गाव सापडलं, मागोमाग पर्यटक आले. नाझींनाही ते फार आवडलं. 'अस्सल जर्मन' गाव म्हणून कामगारांच्या सहली इथे आणल्या जात. आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये, म्हणजे देशभर सिनेगॉग जाळली गेली त्याच्या काही आठवडे आधीच, या गावाने आपले उरलेसुरले ज्यू रहिवासी हाकलून दिले. त्याच गावाने, जिथे तेराव्या शतकात रब्बी मेइर यांच्यासारखा मोठा ज्यू विद्वान राहत होता.

३१ मार्च १९४५ ला सोळा अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले. सदतीस माणसं मेली, तीनशेहून जास्त घरं आणि सुमारे सहाशे मीटर तट गेला. जुन्या गावाचा जवळजवळ ४० टक्के भाग. बाकीचं वाचलं त्यात थोडा नशिबाचा भाग आहे. अमेरिकन युद्धखात्यातल्या जॉन मॅक्लॉय यांना आईमुळे या गावाचं सौंदर्य ठाऊक होतं. त्यांनी तोफा न डागण्याबद्दल शब्द टाकला. जर्मन कमांडरने लढण्याचा हुकूम बाजूला ठेवला आणि १७ एप्रिलला गाव शरण आलं.

म्हणजे आपण मध्ययुगीन म्हणून ज्यावरून चालतो त्या तटाचा पूर्वेकडचा बराचसा भाग आपल्या आजोबांच्या वयाचा! जगभरातल्या लोकांनी मीटरच्या हिशोबाने पैसे दिले, त्यांची नावं दगडांवर कोरलेली आहेत. त्यात चिक्कार जपानी नावंही दिसतात. मला आधी फसवल्यासारखं वाटलं. पण नावं वाचत चालताना तो राग गेला. खोटेपणा असता तर पाट्या लावल्या नसत्या.

पाट्या नसलेल्या गोष्टी मात्र शोधाव्या लागतात. चौकापासून पाच-सात मिनिटांवर 'युडेनगासे' आहे, ज्यू गल्ली. तिथली काही घरं १४०० च्या आसपासची. युरोपात इतकी जुनी ज्यू गल्ली क्वचितच उभी आहे. मी गेलो तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. फोटोची रांगही नव्हती. घरं राहिली, माणसं नाहीत.

कधी गेलात तर रात्रीचा मुक्काम करा, संध्याकाळी बसेस गेल्या की गाव तुमचंच. पिवळ्या घराचा फोटो काढाच, पण त्यानंतर त्या गल्लीतूनही एक चक्कर मारून या. असो, या वीकेंडला एवढंच!