रणात मुक्काम करायचा तर : पाणी, धूळ आणि थंडीची पूर्वतयारी

पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे कच्छचे रण दिवाळीनंतर कोरडे पडू लागते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथे मुक्काम करता येतो. धोर्डोच्या तंबूनगरीत राहणाऱ्याला फारशी तयारी लागत नाही. पाणी, वीज, जेवण सारे तेथे मिळते. स्वतःचा तंबू, स्वतःची चूल आणि स्वतःचे पाणी घेऊन रणाच्या काठावर दोन-तीन रात्री काढू पाहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. हे टिपण त्यांच्यासाठी आहे.

गोव्याच्या माणसाची पहिली अडचण म्हणजे त्याचे शरीर दमट हवेला सरावलेले असते. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कच्छमध्ये 400 मिलिमीटर म्हणजे चांगले वर्ष. आपल्याकडे घाम अंगावर निथळतो, म्हणून पाणी जात असल्याचे कळते. रणात तो आल्याआल्या सुकतो. अंग कोरडे राहते, तहानही उशिरा लागते आणि डोके दुखू लागेपर्यंत शरीरातले पाणी बरेच घटलेले असते. तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला घोटघोट पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली की सावलीत बसून मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस घ्यावे. कोणी असंबद्ध बोलू लागला वा त्याचा तोल जाऊ लागला, तर अंग ओले करून वारा घालावा आणि तडक रुग्णालयाकडे निघावे.

हिशेब असा करावा. माणशी रोज पाच लिटर पिण्यासाठी, तीन लिटर स्वयंपाक व धुण्यासाठी. चौघांना तीन दिवसांसाठी 96 लिटर. गाडी रुतली तर एक दिवस जादा म्हणून आणखी 32. एकूण 128 लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात जार. दोन माणसांच्या वजनाइतके हे ओझे गाडीत आधी मोजावे, मग बाकीचे सामान. एकच मोठे पिंप नेऊ नये. ते फुटले तर सारेच गेले.

धुळीबाबत डिचोलीकरांना काही सांगण्याची गरज नाही, असे त्यांना वाटेल. खनिजवाहू ट्रकांची लाल धूळ ज्यांनी वर्षानुवर्षे उंबऱ्यावरून झाडली, त्यांना धुळीचे कौतुक ते काय? रणाची धूळ मात्र खारी असते. ती त्वचेतला ओलावा ओढून घेते. टाचा आणि बोटांच्या बेचक्या दुसऱ्याच दिवशी भेगाळतात. छोट्या रणात मिठागरांवर राबणाऱ्या अगरिया कुटुंबांच्या पायांची कातडी या खारानेच राठ होते. पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरांत ज्यांनी पाय घातले आहेत, त्यांना हे चटकन उमजेल. अनवाणी फिरू नये. रात्री ओल्या फडक्याने पाय पुसून खोबरेल चोळावे आणि स्वच्छ मोजे घालून झोपावे. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा, नाकातोंडाला एन-95 मुखपट्टी, डोक्याला सुती पंचा. कॅमेरा व औषधे चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावीत.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांखाली उतरते. पातळ चादर घेऊन गेलेला गोवेकर पहाटे गाडीत इंजिन चालू करून बसतो, आणि बंद गाडीतला तो धूर जिवावर बेतू शकतो. लोकरीची टोपी आणि जाड रजई न्यावी. तंबूत शेगडी पेटवू नये.

रणाचा पृष्ठभाग फसवा असतो. वर वाळलेला पापुद्रा, खाली चिखल. उमटलेल्या चाकोऱ्या सोडून गाडी नेऊ नये. फावडे, दोर आणि दोन फळ्या सोबत असाव्यात. सपाट भूमीत खुणेचे झाडही नसते आणि मृगजळामुळे अंतराचा अंदाज चुकतो. वाट चुकल्यास गाडी सोडून चालत जाऊ नये. दूरवरून माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा आणि परतण्याची वेळ जवळच्या गावात सांगून ठेवावी.

पांढऱ्या रणासाठी भिरंडियारा येथे परवाना घ्यावा लागतो. छोटे रण हे रानगाढवांचे अभयारण्य असल्याने तेथे वनखात्याची परवानगी हवी. तंबू काठावरच्या गावातील जमिनीवर, मालकाला विचारून ठोकावा. आणखी एक, जे गोव्यातून निघताना हमखास विसरले जाते : गुजरातेत दारूबंदी आहे. डिकीतली बाटली घरीच ठेवावी.

सारे सामान जमले की आपल्याच तालुक्यातील एखाद्या सड्यावर, जमीनमालकाच्या संमतीने, एक रात्र काढून पाहावी. नळ नाही, दुकान नाही, माणशी आठ लिटर पाणी. जांभ्या दगडात तंबूच्या खुंट्या शिरत नाहीत, हेही तेथेच कळेल. रणाच्या वाळलेल्या कठीण मातीतही त्या सहज शिरत नाहीत. जाड लोखंडी खिळे आणि हातोडा घ्यावा लागतो.

कचरा व राखही परत आणावी. घरी पोचल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, नाहीतर रणाचे मीठ आपल्या दमट हवेत पत्रा खाऊ लागते.