पिंपातला समुद्र

आमच्या नातवानं दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या घरात समुद्र आणला. १०० लिटरचा! हॉलमध्ये काचेची टाकी, तिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, दोन कोळंब्या आणि एक तारामासा. येणारे-जाणारे टाकी पाहतात. मला मात्र कुतूहल होतं ते कोठीच्या खोलीतल्या दोन पिंपांचं. पांढऱ्या पिंपात आरओचं साधं पाणी आणि निळ्यात त्यानं कालवलेला समुद्र.

कालवण्याची त्याची रीत ठरलेली आहे. आधी आरओचं पाणी घ्यायचं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवांना सोसत नाही. मग लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबानं समुद्री क्षारांचं तयार मिश्रण त्यात हळूहळू सोडायचं. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर काही क्षार न विरघळता खाली बसतात. छोटा पंप लावून ते दिवसभर घुसळत ठेवायचं, मग क्षारता मोजायची आणि झाकण लावायचं.

गेल्या मे महिन्यात तो बारा दिवस मित्रांबरोबर हिमालयात गेला. जाताना म्हणाला, "आजी, टाकीवर रेघ मारून ठेवलीये. पाणी खाली गेलं की रेघेपर्यंत भरायचं. पांढऱ्या पिंपातलं." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाणी कमी झालेलं दिसलं. माझ्या मनात आलं, समुद्रातल्या जिवांना साधं पाणी कसं द्यायचं? तो घाईत बोलला असेल. मी निळ्या पिंपातलं पाणी घातलं. रोज दीडेक लिटर, बारा दिवस.

तो परत आला तेव्हा दोन्ही कोळंब्या मेलेल्या होत्या. तारामासा कोपऱ्यात लिबलिबीत होऊन पडला होता, तोही रात्री गेला. नातवानं पाणी मोजलं. ३५ च्या जागी ४१! मला रागावला नाही, एवढंच म्हणाला, "आजी, पाणी उडतं, मीठ उडत नाही ना गं."

मैत्रिणींनो, मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी, इतिहास आणि भूगोल शिकवला. मृत समुद्र खारट का, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. माझं आजोळ शिरोड्याचं. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं. वाफ्यांत समुद्राचं पाणी घेऊन उन्हात आटवायचं आणि मीठ ओढायचं, हे मी लहानपणी बांधावर बसून पाहिलंय. आणि मीच एका टाकीचं मिठागर केलं.

नातवानं चार-पाच दिवस थोडं थोडं खारं पाणी काढून साधं घातलं आणि टाकी मूळपदावर आणली. एकदम बदल केला असता तर उरलेल्या माशांनाही त्रास झाला असता. मी मात्र हे घरात समुद्र ठेवण्याचं खूळ आलं कुठून, ते वाचत बसले. इतिहासाच्या शिक्षिकेला दुसरं काय सुचणार!

ही गोष्ट इंग्लंडची. १८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. वाटेत आपटू नयेत म्हणून सुईदोऱ्यानं स्पंजाला टाचून! सुरुवातीला त्या किनाऱ्यावरून ताजं समुद्राचं पाणी मागवत. पण दर वेळी कुठून आणणार? मग त्यांनी एक युक्ती काढली. तेच पाणी रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम करायची त्यांच्या घरची एक लहानशी मोलकरीण. त्या मुलीला ते गमतीचं वाटे, असं बाईंनी लिहून ठेवलंय. तिचं नाव मात्र लिहिलेलं नाही. ते प्रवाळ लंडनमध्ये जगले ते त्या मुलीच्या हातांवर, असं मला वाटतं.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. पण किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्या हौशी माणसानं काय करायचं? त्याचं उत्तर फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकानं १८५४ मध्ये दिलं. समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण तेव्हा झालेलं होतं. ते समोर ठेवून त्यानं स्वैपाकघरातल्यासारखी कृती बसवली. साधारण साडेचार लिटर पाण्याला सुमारे १०० ग्रॅम साधं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. आधी त्यात समुद्री शेवाळ सोडलं, काही दिवसांनी प्राणी, आणि ते जगले.

नुसतं मीठ का चालत नाही, हे मिठागर पाहिलेल्याला चटकन कळेल. वाफ्यात मीठ धरल्यावर मागे कडवट पाणी उरतं, मॅग्नेशियमचे क्षार त्यातच राहतात. म्हणजे आपल्या बरणीतलं मीठ हा समुद्राचा फक्त एक हिस्सा. गॉसनं मॅग्नेशियम परत घातलं, पण चुन्याचे क्षार थोडे म्हणून वगळले. आज कळतं की प्रवाळाला सांगाडा बांधायला तोच चुना लागतो. थोडं असलं म्हणून बिनमहत्त्वाचं नसतं.

पाणी साठवायचं कसं, हे विल्यम आल्फर्ड लॉइडनं दाखवलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मत्स्यालय झालं, त्यासाठी ब्रायटनहून रेल्वेनं समुद्राचं पाणी आणलं होतं. लॉइडनं काचेच्या टाक्यांखाली त्यांच्या कितीतरी पट मोठा अंधारा हौद बांधला आणि तेच पाणी पंपानं फिरवत ठेवलं. उजेडात पाणी हिरवं होतं, अंधारात निवळतं. नातवाची पिंपं कोठीत का, हे मला तेव्हा उमगलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती १८८४ मध्ये. चॅलेंजर जहाजानं १८७२ ते १८७६ या काळात सागरांची सफर करून पाण्याचे नमुने आणले होते. त्यांतले ७७ विल्यम डिटमार या रसायनतज्ज्ञानं तपासले. खारटपणा कमीजास्त असला, तरी मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण खुल्या समुद्रात जवळजवळ सगळीकडे सारखंच! म्हणून तर आज एका पिशवीतलं मिश्रण पुण्यातही चालतं आणि शिकागोतही. त्याच शिकागोच्या शेड मत्स्यालयासाठी १९३० च्या सुमारास फ्लोरिडाहून दहा लाख गॅलन समुद्र रेल्वेच्या टाक्यांतून वाहून आणावा लागला होता.

हे सगळं वाचून दोन कोळंब्या आणि तारामासा परत येणार नाहीत. पण एक मनात पक्कं बसलं. समुद्र एकदा कालवता येतो, तो समुद्र राखणं हे रोजचं काम. कृती शोधणाऱ्यांची नावं पुस्तकांत आली. खिडकीपाशी पाणी ओतणाऱ्या मुलीचं आलं नाही. ती माझ्यापेक्षा कितीतरी भरवशाची होती.

परवा नातवानं एक वही आणून दिली आणि म्हणाला, "आजी, रोज संध्याकाळी मोजून यात लिही." त्यानं माझ्यावर परत विश्वास टाकला, याचं मला किती बरं वाटलं, काय सांगू! कालचा आकडा ३५.

असो. सात वाजत आले. पांढऱ्या पिंपाकडे जायला हवं.