कापूस, छर्रे आणि अमेरिकेची बंदूक

आपल्या वाशीम भागात बंदूक म्हटली की आधी जागल आठवते. तूर शेंगेवर आली, हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरे रात्री वावरात उतरतात. पूर्वी परवानेदार शेतकरी मचाणावर ठासणीची बंदूक घेऊन बसे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, वर छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचे, मग टोपी बसवायची. आणि हे सारे अंधारात! दुसऱ्या बाराची तयारी होईतो कळप शेजारच्या वावरात गेलेला असे.

त्याच काळात अमेरिकेतला शेतकरी सहा बार लागोपाठ काढू लागला होता. हे कसे झाले, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या पऱ्हाटीला जोडलेला आहे.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून व्यापाऱ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. भाव चढले, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावचा फाटा झाला. युद्ध संपले आणि भाव कोसळले, हे शिक्षक बंधू वर्गात सांगतातच. पण तिकडे काय झाले? फौजेला बंदुका पुरवणाऱ्या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावच्या चार्ल्स पार्कर यांच्या कारखान्याने शिकारीच्या दुनळ्या काढल्या. कारागीर एकेक सांधा हाताने घासून बसवीत. अशी मेहनत महाग पडते. मंदीच्या दिवसांत, 1934 साली, पार्करचा धंदा रेमिंग्टन कंपनीने विकत घेतला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्या दुनळ्या बंद पडल्या.

दुसरा माणूस जॉन ब्राउनिंग. युटा प्रांतातल्या ऑग्डेनच्या एका बंदूक-कारागिराचा हा मुलगा. त्याने आखलेली विंचेस्टरची 1897 ची बंदूक म्हणजे पुढची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवे आत. पहिल्या महायुद्धात अमेरिकी शिपायांनी ती खंदकात नेली, तेव्हा 1918 मध्ये जर्मनीने रीतसर निषेध नोंदवला! पुढे ब्राउनिंगने आपोआप भरणारी बंदूक केली. मोबदल्यावरून विंचेस्टरशी बिनसले. तो रेमिंग्टनकडे गेला, तर भेटीच्याच दिवशी, जानेवारी 1902 मध्ये, तिथले अध्यक्ष हृदयविकाराने वारले. मग तो थेट बेल्जमला गेला, आणि ती बंदूक तिथे तयार झाली.

विंचेस्टरची 1912 ची बंदूक मात्र शौकीन लोक अजून शोधत असतात. तिचे भाग अखंड पोलादातून कोरून काढलेले. मजुरी वाढली तसे ते परवडेना, आणि 1964 च्या सुमारास तिचे नेहमीचे उत्पादन थांबले. रेमिंग्टनने 1950 साली पत्रे ठोकून केलेल्या भागांची स्वस्त बंदूक काढली. ती एक कोटीच्या वर खपली. जुन्याची कोरीव सफाई तिच्यात नाही, पण शेतकऱ्याला परवडली ती हीच, असे मला वाटते.

आता ‘बारा बोअर’ म्हणजे काय, ते मुलांना असे सांगावे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर एक गोळी जेवढी जाड, तेवढे नळीचे तोंड. म्हणूनच सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते.

आपल्याकडे हे सुधारलेले हत्यार शेतकऱ्याच्या हाती का आले नाही? 1857 ची धास्ती सरकारच्या मनातून गेली नव्हती. 1878 च्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा झाला. स्वराज्यात 1959 चा कायदा आला, 1962 पासून लागू झाला. त्यातही पीकरक्षणासाठी मुख्यतः ठासणीचीच बंदूक. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर रोही असो की डुक्कर, परवानगीवाचून मारता येत नाही.

कुणाच्या घरी आजोबांची परवान्याची दुनळी असेल, तर नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी आहे का ते पाहावे. तशी नळी लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेली असते. ती जुन्या काळ्या दारूसाठी केलेली. तिच्यात आजचे काडतूस घातले तर नळी फुटून हात जायचा. परवानेदार कारागिराला दाखवल्याशिवाय तिचा बार काढू नये.