'यलोस्टोन'चे डटन आणि धरणगावचे देशपांडे : बापजाद्यांच्या जमिनीची गोष्ट विदर्भात कधीच सांगून झाली आहे

इन्स्टाग्राम चाळताना काउबॉय टोपी घातलेला, कपाळाला आठ्या असलेला एक म्हातारा तुमच्याही समोर आला असेल. मागे डोंगर, हिरवं कुरण, गुरांचे कळप. त्याचं नाव जॉन डटन आणि मालिकेचं नाव 'यलोस्टोन'. अमेरिकेत ही मालिका २०१८ ते २०२४ अशी चालली. चालली म्हणजे इतकी चालली की त्याच घराण्याच्या आधीच्या पिढ्या दाखवायला '१८८३' आणि '१९२३' या आणखी दोन मालिका काढाव्या लागल्या. टेलर शेरिडन हा या सगळ्याचा कर्ताधर्ता. सगळ्या भागांना पुरून उरलेला प्रश्न एकच आहे. बापजाद्यांची जमीन टिकवायची कशी, आणि बाप गेल्यावर ती जाणार कुणाच्या नावावर?

हे ऐकून सिंदेवाहीचा माणूस म्हणेल, यात नवीन काय आहे बाप्पा? हे तर आम्ही चादर पांघरून पहाटेपर्यंत बघतो.

त्याचं बरोबर आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की इथे गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्या रात्री नाटक असतं. सिंदेवाहीच्याच रेल्वे लाइनवर पुढे वडसा लागतं. नाटक कंपन्यांचं माहेरघर ते हेच. नाटक सुरू व्हायला रात्रीचे दहा वाजून जातात आणि पडदा पडतो तेव्हा कोंबडा आरवलेला असतो. ऑर्गन, गाणी, विनोदी पात्र, शेवटी रडारड. आणि मधे बहुतेक वेळा काय असतं? भावाभावांची वाटणी, हुंड्यात गेलेली शेती, दारूत बुडालेला थोरला, माहेरी परत आलेली बहीण. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांना झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा कळला. असो.

पण झाडीपट्टीत दर हंगामाला नवं नाटक आणि नवं घराणं. एकच घराणं धरून त्याच्या पिढ्या उलगडत न्यायच्या, म्हणजे डटन मंडळींसारखं काही, हे मराठीत ज्यांनी केलं तेही विदर्भाचेच. महेश एलकुंचवार. जन्म १९३९ चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा गावचा, घर जमीनदाराचं. पुढे नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तीन नाटकं मिळून एका कुटुंबाची गोष्ट होते. गाव धरणगाव, घराणं देशपांडे.

'वाडा चिरेबंदी' विजया मेहता यांनी १९८५ मध्ये रंगमंचावर आणलं. त्यांनीच दूरदर्शनसाठी 'हवेली बुलंद थी' या नावाने ते हिंदीत केलं, म्हणजे हे घराणं टीव्हीवरही येऊन गेलं आहे. हिंदी रंगभूमीवर हेच नाटक 'विरासत' नावाने होतं. पुढे १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटकं सलग उभी केली, जवळपास नऊ तास. आज आपण एका रात्रीत अख्खा सीझन संपवतो आणि त्याची स्टोरी टाकतो. लोकांनी तेव्हा नाट्यगृहात बसून तेच केलं होतं. २०१४ मध्ये कुलकर्णींनीच 'वाडा' पुन्हा आणलं आणि नव्या पिढीनेही ते पाहिलं.

गोष्ट सुरू होते तेव्हा घरातला कर्ता पुरुष, तात्याजी, नुकताच गेलेला आहे. मुंबईहून धाकटा सुधीर बायकोला, अंजलीला घेऊन येतो. थोरला भास्कर आणि वहिनी वाड्यातच आहेत, त्यांची मुलं पराग आणि रंजू. सगळ्यात धाकटा चंदू, लग्न न झालेली बहीण प्रभा, आई, आणि गेलेल्या मुलाचीच चौकशी करणारी म्हातारी दादी. आता तेरावं करायचं आहे. गावजेवण घालायचं की नाही, यावर सगळं अडतं. पैसा घरात नाही. पण देशपांड्यांच्या घरचं तेरावं साधं कसं होणार, लोक काय म्हणतील?

डटन घराण्याच्या दारात शत्रू बाहेरून येतो. कधी बिल्डर, कधी विमानतळ काढणारी कंपनी, कधी शेजारचा रँचवाला. (रँच म्हणजे गुरं पाळण्यासाठी राखलेली अफाट जमीन.) तो आला की बंदुका निघतात. धरणगावात बाहेरून कुणीच येत नाही. एक गोळी सुटत नाही. वाडा आतूनच खचत असतो आणि प्रत्येक जण त्याला टेकू देतोय असं भासवत असतो. अंगणात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. मोठ्या हौसेने आणला, बंद पडला, ना दुरुस्त झाला ना विकला गेला. विदर्भातल्या कुठल्याही जुन्या घराच्या अंगणात डोकावलं तर असा एखादा ट्रॅक्टर, नाहीतर विटांवर चढवलेली जीप दिसतेच, त्यामुळे नाटक बघताना बरेच जण इथेच हसतात आणि मग गप्प होतात.

नाटकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग सोन्याचा आहे. घराण्याचे दागिने रात्री बाहेर निघतात आणि वहिनी ते अंगभर घालते. तेवढा वेळ तीच घराण्याची मालकीण. पुढे रंजू शिकवणीच्या मास्तरसोबत पळून जाते आणि दागिने घेऊन जाते. सिनेमाच्या वेडापायी निघालेली एक पोरगी, आणि सात पिढ्यांचं सोनं एका रात्रीत गेलं.

मला मात्र या नाटकात कायम चंदू आणि प्रभा आठवतात. प्रभाला शिकायचं होतं, घराण्याच्या इज्जतीपायी शिकू दिलं नाही. चंदू घरातला सख्खा मुलगा, पण राबतो गड्यासारखा. वारसा म्हटलं की आपण कुणाला काय मिळालं तेवढंच मोजतो. वाडा उभा राहावा म्हणून कुणाचं आयुष्य पायात गाडलं, ते सातबाऱ्यावर येत नाही. 'यलोस्टोन'मध्येही हे आहे. थोरला ली पहिल्याच भागात मारला जातो, जेमीला बापासाठी वकील व्हावं लागतं, बेथ आतून जळत राहते. फरक इतकाच की तिथे हे सगळं देखणं दिसतं, मागे सूर्यास्त असतो.

दुसऱ्या नाटकात दहा वर्षं उलटलेली आहेत. पराग मोठा झालाय, त्याचं लग्न झालंय, वाड्यात पुन्हा पैसा खेळतोय. तो सरळ वाटेने आलेला नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी विचारत नाही. तिसऱ्यात, 'युगान्त'मध्ये, दुष्काळ आहे. गाव ओस पडलंय, जमिनीचं वाळवंट होत चाललंय. परदेशातून परतलेला सुधीरचा मुलगा अभय आणि गावात राहिलेला पराग, दोघे चुलतभाऊ बोलत बसतात. ज्या जमिनीसाठी एवढं झालं ती आता कुणालाच नको आहे, कारण तिच्यात काही पिकतच नाही. 'युगान्त'साठी एलकुंचवारांना २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता 'यलोस्टोन'चा शेवट सांगतोय. बघायची राहिली असेल तर हा परिच्छेद सोडा. '१८८३' मध्ये जेम्स आणि मार्गारेट डटन मरायला टेकलेल्या मुलीला, एल्साला घेऊन मोंटानात पोचतात आणि ती जिथे जाते तिथेच घर करतात. ही जागा दाखवणारा तिथला मूळ रहिवासी म्हातारा त्यांना तेव्हाच बजावतो की सातव्या पिढीत आमचे लोक ती परत घेतील. आणि शेवटच्या भागात होतंही तसंच. जॉन मेलेला, कराचा बोजा झेपत नाही. धाकटा केसी जवळजवळ सगळं रँच तिथल्या आदिवासी समाजाला एकरी सव्वा डॉलरने विकून टाकतो. अट अशी की त्यावर इमारती उठवायच्या नाहीत. शंभर वर्षांहून जास्त काळ रक्त सांडून राखलेली जमीन बाजारात विकायची नाही म्हणून जवळजवळ फुकट दिली. मालिकेत बऱ्याच गोष्टी अचाट आहेत, पण ही मला पटली. देशपांड्यांच्या तिन्ही नाटकांत हा प्रश्न असा उभा राहत नाही. शेत कसणारे, आपल्या आधी इथे असलेले, ते वाड्याच्या भिंतीपलीकडेच राहतात.

सिंदेवाहीकडे तो प्रश्न टाळता येत नाही. एक बारकावा आधी सांगायला हवा. देशपांडे हे वतनदार, म्हणजे परगण्याचा हिशेब ठेवण्याचं काम पिढीजात असलेलं घर. वऱ्हाडाकडचा हा प्रकार. आपल्याकडे, जुन्या चांदा जिल्ह्यात, इंग्रजांच्या काळात होती मालगुजारी. मालगुजार सरकारात सारा भरायचा आणि गावाचा मालक म्हणून नोंदला जायचा. जंगल, पडीत, तलाव सगळं त्याच्या नावावर. डटनच्या जवळ जाणारं काही आपल्याकडे असेल तर ते हेच. त्याआधी चांद्याचे गोंड राजे होते. त्यांच्याबद्दल असं सांगतात की जंगल हटवून गाव वसवेल त्याला ते गाव द्यायचे आणि तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग मध्य प्रदेश सरकारने १९५० मध्ये कायदा केला (आपण तेव्हा त्या राज्यात होतो) आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. गोळीबार नाही, शेवटचा भाग नाही, एक तारीख आणि खलास. मालकाने स्वतः कसायची जमीन त्याच्याकडे राहिली. जंगल, पडीत आणि तलाव सरकारजमा झाले. काही घराण्यांची मुलं नागपूरला शिकून नोकरीला लागली, काहींचे वाडे उभे आहेत, काहींच्या जागी आज मंगल कार्यालयं आहेत.

तलावांना मात्र जुनं नाव चिकटून राहिलं. माजी मालगुजारी तलाव, त्याचं लघुरूप 'मामा तलाव'. बाहेरच्या माणसाला वाटतं कुणाच्या तरी मामाने बांधला असेल. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत आणि धानाची कितीतरी शेती अजून त्यांच्यावर चालते. मालकी गेली आणि पाळ दुरुस्त कुणी करायची हा प्रश्न तिथेच लटकला. आधी मालगुजार गावाला लावून गाळ काढून घ्यायचा, मग ते काम सरकारचं झालं, आणि सरकारचं म्हणजे कुणाचं हे आपल्याला माहीतच आहे. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, कित्येकांच्या पोटात अतिक्रमणं झाली. गेल्या काही वर्षांत गाळ उपसायच्या योजना आल्या. जिथे गावाने मनावर घेतलं तिथे पाणी पुन्हा ठरलं.

सिंदेवाही तालुक्यात रोवणीच्या दिवसांत फिरलात तर अशा एखाद्या तलावाची पाळ नक्की लागेल. वर आंजनाची, मोहाची झाडं, खाली चिखलात वाकलेल्या बाया, बांधावर पाण्याची पाळी कुणाची यावरून चाललेला वाद. तलाव बांधणाऱ्याचं नाव विचारलं तर बहुतेकांना सांगता येणार नाही. पाणी आज कुणाच्या बांधीत जायचं आहे, ते मात्र पोरासोरांनाही ठाऊक असतं.