देवीची लस आणि आईबापांचा कौल

सन १८०२ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचण्यात आली व ती लागू पडली. हिंदुस्थानात ही लस यशस्वी झालेले हे पहिले मूल होय. एडवर्ड जेन्नर याने आपला शोध १७९८ साली इंग्लंडात प्रसिद्ध केला होता. परंतु लांबच्या सागरप्रवासात लस उष्म्याने निर्जीव होत असे. अखेर व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा अशा वळणावळणाच्या मार्गाने ती मुंबईस पोहोचली. तेथे अनेक मुलांना टोचले असता एकट्या ॲनाच्याच दंडावर खरा फोड उठला. त्या फोडातील रसाने दुसऱ्या मुलांना टोचण्यात आले, आणि त्यांच्यापासून ती लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास व सिंहलद्वीपापर्यंत गेली. इतिहासाने डॉक्टरांची नावे जपून ठेविली, आणि सुदैवाने या बालिकेचेही. पुढील शेकडो मुलांची नावे मात्र कोठेच उरली नाहीत.

त्या काळी लस कुपीत टिकत नसे, ती मुलांच्या अंगावरच जिवंत राही. टोचलेल्या मुलाला आठव्या दिवशी पुन्हा आणावे लागे. त्याच्या पिकत आलेल्या फोडाला टोच देऊन रस काढीत व तो पुढच्या मुलाच्या दंडात घालीत. म्हणजे आईबापांकडे दोन मागण्या होत: लस घेण्यासाठी मुलाचा दंड द्या, आणि ती दुसऱ्याला देण्यासाठीही द्या. पहिली मागणी पुष्कळांनी मान्य केली. दुसरी बहुतेकांना असह्य वाटे. तापाने फणफणलेल्या लेकराच्या दुखऱ्या दंडावर पुन्हा सुई लावू देणे कोणत्या मातेस रुचेल? शिवाय कोणत्या जातीच्या, कोणत्या घरच्या मुलाचा रस आपल्या मुलाच्या अंगात जातो आहे, हाही प्रश्न होताच. विटाळाची ही कल्पना आज कोणी समर्थनीय मानणार नाही. परंतु एका अंगावरून दुसऱ्या अंगावर उपदंशासारखे रोग जाऊ शकत, ही गोष्ट युरोपातील वैद्यांनीही पुढे मान्य केली. पालकांची शंका सर्वस्वी अडाणीपणाची नव्हती.

कोकणात देवी हा केवळ रोग नव्हता, ते देवीचे आगमन होते. घरात देवी आल्या की फोडणी बंद होई, दाराशी कडुनिंबाचे डहाळे लागत, शब्द जपून वापरले जात. मुलाला बरे करणे वा नेणे देवीच्या हाती. अशा घरात सरकारचा माणूस पेटी घेऊन येई, तेव्हा ग्रामदेवतेला कौल लावल्यावाचून मुलाला पुढे कसे करावे, असे वाटणे साहजिक होते. गंमत अशी की लोकांनी नव्या उपायालाही ‘देवी टोचणे’ असेच म्हटले आणि टोचणाऱ्यास ‘देवी डॉक्टर’. नाव देवीचेच राहिल्याने उपाय थोडा आपलासा झाला असावा.

पुढे एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर लस नेण्याऐवजी वासराच्या अंगावर तयार केलेली लस वापरात आली, आणि आठव्या दिवसाची ती जाचक मागणी संपली. हा फरक कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक परिणामकारक ठरला असे दिसते. गाईच्या वासराला इजा होते म्हणून नवा आक्षेप निघाला, हे खरे; पण तो पूर्वीइतका खोल नव्हता. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने मुलांना टोचणे सक्तीचे झाले. सक्तीने आकडे वाढतात. विश्वास वाढतोच असे नाही.

रत्नागिरी व आसपासच्या प्रदेशातील कुटुंबे एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला निघाली, ती ही सारी शंका व श्रद्धा बरोबर घेऊनच. ज्या बेटावर ती उतरली, त्या बेटाला देवीची आठवण जुनी होती. फ्रेंच अमदानीत, १७९२ साली, तेथे देवीची भयंकर साथ आली. तेव्हा जेन्नरची लस नव्हती. खऱ्या देवीचाच रस टोचण्याची जुनी रीत वापरावी की नाही, यावर वसाहतीत कडाक्याचा वाद झाला. वाद मालकांमालकांत झाला. ज्या गुलाम आयांच्या मुलांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यांना कोणी विचारले नाही.

गिरमिटियांच्या काळीही फार निराळे नव्हते. १८५६ च्या आरंभी ‘हैदरी’ व ‘फत्ते मुबारक’ या कलकत्त्याहून आलेल्या जहाजांवरील प्रवाशांना पटकीच्या भयाने गॅब्रिएल बेटावर उतरवून ठेवले. अन्न, पाणी व निवारा यांच्या अभावी तेथे शेकडो माणसे मेली. रोगनिवारणाच्या नावाने असे घडलेले ज्यांनी पाहिले वा ऐकले, त्यांनी सरकारी वैद्यापुढे मूल नेताना पाऊल अडखळविले, तर दोष कोणाचा? मळ्याच्या कडेला कालीमाईच्या दगडाला शेंदूर लावून नवस बोलणारी माता वैद्याची वैरीण नव्हती; दोन्ही दारे ठोठावून पाहण्याचा तिचा हक्क होता.

भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आसामात सापडला. जगातून हा रोग नाहीसा झाल्याची घोषणा १९८० च्या मे महिन्यात झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण दिसत नाही. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या जुन्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, आणि अंगावरील खुणा, असे त्यांचे रकाने आहेत. मुलाचा दंड पुढे करताना आई काय म्हणाली, यासाठी रकाना नाही.