झगा घालणारे आणि झग्याची गरज नसलेले : क्लॅनच्या इतिहासातून वऱ्हाडाने काय शिकावे?

अकोल्यातल्या एका विहारात रविवारी आमचा अभ्यासवर्ग चालतो. मागच्या महिन्यात आम्ही अमेरिकेतल्या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनांच्या हिंसेचा इतिहास विषय म्हणून घेतला. तेव्हा बारावीतल्या एका पोराने सरळ विचारले, "दादा, ते तिकडचं हाय. आपल्याले काय करायचं त्याचं?" प्रश्न रास्त होता. हा लेख म्हणजे त्याच प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 'ते तिकडचं' असे आपल्या महापुरुषांनी कधीच मानले नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटना काढली, तेव्हा तिचे नावसुद्धा ब्लॅक पँथरवरून घेतले. आपण नाव घेतले, घोषणा घेतल्या. पण त्या हिंसेची यंत्रणा कशी चालते, याचा अभ्यास मात्र अर्धवट राहिला.

आता थोडा इतिहास पाहू. १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टेनेसी राज्यातल्या पुलास्की गावात, हरलेल्या दक्षिणेच्या सैन्यातून परतलेल्या काही जणांनी कू क्लक्स क्लॅन स्थापन केली. गुलामगिरी होती तेव्हा क्लॅन नव्हती, ती संपल्यावर आली, हे नीट लक्षात घ्या. काळा माणूस मत द्यायला लागला, शाळेत जायला लागला, स्वतःची जमीन मागायला लागला, तेव्हा रात्री झगे घालून घोड्यावर फिरणाऱ्या टोळ्या निघाल्या. मतदारांना, शिक्षकांना, पुढाऱ्यांना वेचून मारले गेले.

'गुलामगिरी' आले त्याच १८७३ सालच्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कोर्टाच्या इमारतीवर हल्ला केला आणि काळ्यांचे हत्याकांड घडवले. किमान साठ माणसे मारली गेली. काही इतिहासकार हा आकडा दीडशेपर्यंत नेतात. अनेकांना शरण आल्यानंतर मारले. फुल्यांनी ज्या मुक्तीचे कौतुक केले, ती रक्तात बुडवण्याचे काम त्याच वर्षी तिकडे चालू होते.

पुढे १८९२ मध्ये मेम्फिस शहरात तीन काळ्या माणसांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार मारले. त्यांचा गुन्हा काय? त्यांचे किराणा दुकान चांगले चालत होते आणि त्यामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचा धंदा बसत होता. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंनी अशा प्रकरणांचा माग काढला. बाईच्या अब्रूचे कारण अनेकदा नुसते निमित्त असते, खरा राग काळ्याच्या प्रगतीचा असतो, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. त्यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय जमावाने उद्ध्वस्त केले. त्या थांबल्या नाहीत.

आता इकडे या. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी. भोतमांगे कुटुंबाकडे स्वतःची शेती होती, मुलगी शिकत होती, आई एका मारहाण प्रकरणात साक्ष द्यायला कचरली नाही. त्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना गावाने मिळून मारले. आणि नंतर कुजबुज कशाची झाली? बाईच्या चारित्र्याची. मेम्फिस आणि खैरलांजी यांच्यात एकशे चौदा वर्षांचे अंतर आहे, पण पद्धत तीच. मागासलेपणामुळे अत्याचार होतात, हे आम्हाला कॉलेजात शिकवले गेले. इतिहास उलटे सांगतो. मान खाली घालणाऱ्यापेक्षा मान वर करणाऱ्यावर पहिला घाव पडतो.

मग फरक काय? क्लॅनला झगा लागत होता, कारण निदान काही काळ तरी कायद्याची भीती होती. १८७१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने क्लॅनविरोधी कायदा केला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनात सैन्य लावले, शेकडो जणांना अटक झाली आणि पहिली क्लॅन मोडली. सरकारची इच्छा असली की कायदा चालतो, याचा हा पुरावा. पण १८७६ मध्ये कोलफॅक्सच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्यांना सोडले. चौदावी घटनादुरुस्ती राज्यसंस्थेच्या कृतीला लागू होते, खासगी माणसांच्या गुन्ह्याला नाही, असा अर्थ लावला. पुढच्याच वर्षी दक्षिणेतून सैन्य मागे घेतले गेले. १९१५ मध्ये, बाबासाहेब न्यूयॉर्कला असतानाच, एका सिनेमाने क्लॅनला नायक केले आणि क्लॅन पुन्हा उभी राहिली. १९२५ मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून तिचे हजारो सदस्य चेहरे उघडे ठेवून मिरवले. दोनच वर्षांनी इकडे महाडला पाणी प्यालेल्या आपल्या माणसांना भर दिवसा लाठ्यांनी मारले गेले. मारणाऱ्यांपैकी कुणालाही झग्याची गरज पडली नाही. धर्मशास्त्र आणि गावकी हाच त्यांचा झगा होता.

खैरलांजीच्या निकालाकडे याच नजरेने पाहा. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली, आणि सूडातून झालेला गुन्हा हाच अर्थ कायम राहिला. शिक्षा झाली, पण जात कागदावरून पुसली गेली. कोलफॅक्सच्या खटल्यात तेच झाले होते. त्याच खैरलांजीसाठी नोव्हेंबर २००६ मध्ये अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात आपला एक तरुण गेला. आज इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालताना हे किती जणांना आठवते?

आता खुद्द वऱ्हाडातले ढाकळी घ्या. १९७४ साली अकोला जिल्ह्यातल्या या गावात गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. घरातल्या मुलीवर झालेल्या अन्यायाचा त्यांनी गावातल्या बड्या घराला जाब विचारला होता. पँथरने हे प्रकरण जिल्ह्यात दबू दिले नाही. त्या दोघा भावांना थेट पंतप्रधान इंदिरा गांधींसमोर उभे केले. आम्हाला इथे एमेट टिल आठवतो. १९५५ मध्ये मिसिसिपीत मारलेला चौदा वर्षांचा काळा मुलगा. सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडले, आणि नंतर त्याच आरोपींनी पैसे घेऊन मासिकाला कबुली दिली. पण त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवली होती. माझ्या पोराचे काय केले ते जगाने पाहावे, हा तिचा आग्रह होता. त्या आईने आणि पँथरने एकच काम केले : अत्याचार गावात पुरू दिला नाही.

काही मित्र म्हणतील, सगळे गोरे क्लॅनचे नव्हते आणि सगळे सवर्ण अत्याचारी नसतात. मान्य. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या गोऱ्यांची दखल फुल्यांनीच घेतली. १९६४ मध्ये मिसिसिपीत काळ्यांच्या मताधिकारासाठी काम करताना क्लॅनने मारलेल्या तिघांपैकी दोघे गोरे होते. आमचे भांडण जातीच्या माणसाशी नाही, वर्चस्वाच्या व्यवस्थेशी आहे. पण जो शेजारी गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्यावरच ती व्यवस्था चालते, हेही तितकेच खरे.

तर पोरा, 'आपल्याले काय करायचं' याचे उत्तर असे. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १९६३ साली बॉम्बने चार मुली मारल्या. त्यातल्या शेवटच्या आरोपीला शिक्षा झाली २००२ मध्ये. एकोणचाळीस वर्षे कुणीतरी कागद जपून ठेवले, साक्षीदार टिकवले, म्हणून ती झाली. आपल्याकडे मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, फोटो छापून येतो आणि वर्षभरात साक्षीदार एकटा पडतो. आम्ही गावोगाव फिरताना हेच पाहिले आहे.

म्हणून प्रत्येक तालुक्यात चार पोरांनी एवढे तरी करावे. घटना घडली की एफआयआरची प्रत घ्या, ती मोफत मिळते. ॲट्रॉसिटीची कलमे लागली का ते वाचा. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो का ते पाहा. जातिवाचक शब्द, जमिनीचा वाद, आधीच्या धमक्या, सगळे पहिल्याच जबाबात येऊ द्या. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पीडिताची जात आरोपीला माहीत होती, एवढेही पुरेसे ठरते. पीडित आणि साक्षीदारांचे हक्कही त्याच दुरुस्तीने कायद्यात आले आहेत. ते वापरा. आणि निकाल लागेपर्यंत त्या घरी जात राहा.

क्लॅनचा झगा लोकांनी नावे लिहून, पुरावे मांडून फाडला. आपल्याकडे फाडायला झगा नाही, म्हणून वही अधिकच लागेल.

जय भीम!