कुंपणावरची गुंज

सोनाराच्या पारड्यात जी वजनाचे प्रमाण ठरली, गोपाळकृष्णाच्या गळ्यातील माळेत जिला मानाचे स्थान मिळाले, ती गुंज जहरी आहे, असे सांगितले तर पुष्कळांना ते खरे वाटत नाही. या अविश्वासाला कारणही आहे. शतकानुशतके सराफांनी गुंज बोटांत धरली, तोलली, डबीत जपून ठेवली, आणि तिने कोणास इजा केली नाही. विष दाण्याच्या आत असते, आणि त्यावरचे कवच विलक्षण कठीण असते. अखंड दाणा चुकून गिळला गेला, तरी तो बहुधा जसाच्या तसा बाहेर पडतो. फोडलेल्या दाण्याची गोष्ट निराळी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाच गुंजांचा एक सुवर्णमाषक सांगितला आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, दोन यवांची एक गुंज व तीन गुंजांचा एक वाल असे कोष्टक येते. पुढे आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा हा हिशेब रूढ झाला. १८३३ साली इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनांचा ठरला, तेव्हा गुंजेच्या वाट्यास सुमारे १२१ मिलिग्रॅम आले. सर्व गुंजा मुळातच एका वजनाच्या असतात, ही समजूत मात्र भाबडी होय. दाणे लहानमोठे असतातच, ते निवडूनच घ्यावे लागतात. परंतु कवच पाणी शिरू देत नसल्यामुळे निवडलेला दाणा पावसाळ्यात सहसा फुगत नाही. तराजूला एवढे पुरेसे होते.

कवचाच्या आत काय आहे, हे वैद्यांना ठाऊक होते. त्यांनी गुंजेची गणना उपविषांत केली आणि दुधात किंवा कांजीत शिजविल्यावाचून ती औषधात घालू नये, असा दंडक घातला. हे विष प्रथिन आहे व उष्णतेने ते निकामी होते, हा उलगडा फार नंतरचा.

हेच ज्ञान दुष्टांच्याही उपयोगी पडले. एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यकाच्या इंग्रजी ग्रंथांत ‘सुई’ नावाच्या एका हत्याराचे वर्णन आढळते. गुंजा भिजवून, सोलून, वाटून त्या पिठाचा काट्याएवढा अणकुचीदार खिळा वळीत. तो उन्हात वाळवून दांड्यात बसवीत आणि परक्याच्या गुराला टोचीत. टोक आतच मोडून राही. काही दिवसांत जनावर मरे. मालक साप किंवा रोग यांना बोल लावी, आणि कातडे गुन्हेगारांच्या पदरात पडे.

युरोपात याच दाण्याने निराळे नाट्य घडविले. ब्राझीलमधील लोकवैद्यकातला उपाय ऐकून १८८२ साली पॅरिसचे नेत्रवैद्य द वेकर यांनी खुपऱ्यांवर गुंजेचे पाणी वापरण्यास आरंभ केला. डोळ्यांचा दाह इतका भयंकर होई, की त्यामागे जंतूच असले पाहिजेत, असे काहींनी ठरवून टाकले. १८८४ साली कलकत्त्याच्या वॉर्डन व वॅडेल यांनी हा जंतूंचा प्रताप नसून दाण्यातील एका प्रथिनाचा आहे, असे दाखविले. पुढे १८९१ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांनी उंदरांना या विषाच्या अत्यल्प, पण चढत्या मात्रा दिल्या. ते उंदीर गुंजेच्या विषाला दाद देईनासे झाले, पण एरंडाच्या विषापुढे पूर्वीइतकेच दुबळे राहिले. प्रत्येक विषावरची प्रतिकारशक्ती वेगळी असते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. १९०८ साली एर्लिख यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खुद्द गुंजेच्या विषावर माणसासाठी उतारा मात्र आजही नाही.

१९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि गुंज पारड्यातून उतरली. कुंपणावर तिचा वेल अजून दिसतो. तो लावणाऱ्याने दाणा आधी खरवडून घेतला नाही, तर पाणी आत शिरत नाही व अंकुर लवकर फुटत नाही. मात्र खरवडलेला दाणा ही केवळ पेरणीची वस्तू. मुलांच्या हाती तो पडता कामा नये. माळेसाठी भोक पाडलेल्या दाण्याचेही तेच. २०११ साली ब्रिटनमध्ये अशा दाण्यांची कंकणे विकून झाल्यावर परत मागवावी लागली होती. पाला गोड, विड्यात घालण्याजोगा, म्हणून दाणाही तसाच असेल, असा मुलांचा समज होणे स्वाभाविक आहे. शेंगा वाळून उकलल्या, की तांबडे-काळे दाणे दुरून डोळ्यांत भरतात. त्या उकलण्यापूर्वीच कापून घ्याव्या लागतात.